तुम्ही विचारलंत म्हणून: उद्या अमेरिकेनं आपलं नाव बंद केलं तर?

दुकानाला, दवाखान्याला, पतसंस्थेला डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं नाव, काढून द्यायचं हे माझं काम. पैशांचं बोलणं आटोपलं की समोरचा हमखास विचारतो, "हे सगळं अमेरिकेच्याच हातात आहे ना हो? उद्या त्यांचं डोकं फिरलं आणि आपलं बंद केलं तर?" युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यापासून तर हा प्रश्न जरा जास्तच येतो. चहा संपेपर्यंत उत्तर अर्धंच होतं, म्हणून आता सविस्तर.

इंटरनेटवरच्या नावांची एक मूळ यादी असते, रूट झोन म्हणतात तिला. कॉम, ऑर्ग, इन, भारत ही जी नावांची शेपटं, त्यांतल्या प्रत्येकाचा कारभार कुठल्या सर्व्हरवर चालतो, तेवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. साधी मजकुराची फाइल, मोबाइलवरच्या एखाद्या फोटोएवढी. तिच्या प्रती जगभर आहेत, मुंबईतही आहेत. तुमच्या दुकानाचं नाव मात्र त्या यादीत नसतंच. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

सुरुवातीला ही यादी म्हणजे जवळपास एका माणसाचं खातं होतं: कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठात बसणारे जॉन पोस्टेल, लांब दाढीवाले, अमेरिकी सरकारच्या कंत्राटावर. 1995 मध्ये नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीनं नावामागे वर्षाला 50 डॉलर घ्यायला सुरुवात केली आणि भांडण पेटलं. जानेवारी 1998 मध्ये पोस्टेल यांनी रूट सर्व्हर, म्हणजे ही यादी जगाला पुरवणारे संगणक, चालवणाऱ्या आठ जणांना ईमेल पाठवली: यादी यापुढे कंपनीकडून नको, माझ्याकडून घ्या. आठही जणांनी मुकाट्यानं ऐकलं! व्हाइट हाउसमधून फोन आला तेव्हा कुठे सगळं पूर्ववत झालं. ही नुसती चाचणी होती, असं पोस्टेल म्हणाले. त्याच वर्षी ही यादी सांभाळायला आयकॅन ही ना-नफा संस्था उभी राहिली आणि ऑक्टोबरमध्ये पोस्टेल गेले.

आयकॅनवर अमेरिकी वाणिज्य खात्याची देखरेख राहिली आणि इतर देशांना ते खुपत राहिलं. 2005 च्या ट्युनिसच्या परिषदेत यावरून बरीच खडाजंगी झाली. 2011 मध्ये भारतानं संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव मांडला की इंटरनेटच्या धोरणासाठी 50 देशांची समिती नेमा. मला तेव्हाही तो पटला नव्हता. आपल्याकडे साध्या गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून तीन तास जातात, आणि इथे तर 50 सरकारं. त्यांतली निम्मी आपल्याच नागरिकांचं तोंड बंद करायला टपलेली. पुढे 2015 मध्ये भारतानंही भूमिका बदलली. सरकारं, कंपन्या, तंत्रज्ञ, सामान्य वापरकर्ते या सगळ्यांनी मिळून कारभार बघावा, या बाजूला आपण गेलो.

1 ऑक्टोबर 2016 ला अमेरिकी सरकारचं ते देखरेखीचं कंत्राटच संपलं. आदल्या दिवसापर्यंत चार अमेरिकी राज्यं कोर्टात होती, आपण इंटरनेट दान करतोय म्हणून. न्यायाधीशांनी स्थगिती दिली नाही. म्हणजे तुमच्या प्रश्नातली अमेरिका त्या जागेवरून तेव्हाच उठली.

यादी खरीच आहे हे कळावं म्हणून तिच्यावर डिजिटल सही असते. ती सही खोटी होऊ नये म्हणून काय चालतं, ते एकदा बघाच. सगळं थेट प्रक्षेपित होतं. वर्षातून चार वेळा, आलटून पालटून कॅलिफोर्नियात आणि व्हर्जिनियात. वेगवेगळ्या देशांतली माणसं विमानानं येतात, तिजोरीतल्या आपापल्या कप्प्यातून स्मार्ट कार्ड काढतात. प्रत्येक ठिकाणी असे सात जण नेमलेले. त्यांतल्या तिघांची कार्डं लागल्याशिवाय सहीचं यंत्र चालूच होत नाही. कार्डांच्या प्रत्येक सीलबंद पिशवीवरचा क्रमांक मोठ्यानं वाचतात, नोंदवतात. बघायला महाकंटाळवाणं, पण मला त्या कंटाळ्याचंच कौतुक वाटतं. फेब्रुवारी 2020 मध्ये तिजोरीचं कुलूपच अडकलं. कार्यक्रम पुढे ढकलून तिजोरीला ड्रिल मारावं लागलं. इंटरनेट तेवढे दिवस नेहमीसारखंच चालू होतं.

आणि युक्रेन. 2022 मध्ये त्यांच्या सरकारनं आयकॅनला लिहिलं की रशियाचं डॉट आरयू यादीतून काढा. आयकॅननं काही दिवसांतच नकार कळवला: आम्ही कुणाची बाजू घेत नाही, तसा अधिकारही आम्हाला नाही. युक्रेनबद्दल मला सहानुभूती आहे, तरीही तो नकार योग्यच होता. आज आरयू काढलं असतं, तर उद्या डॉट इनसाठी कुणी ना कुणी पत्र लिहिलंच असतं.

मग तुमची भीती निराधार का? नाही. फक्त ती चुकीच्या पत्त्यावर गेलीय. तुमचं नाव त्या मूळ यादीत नाही म्हटलं ना? ते असतं शेपटाच्या मालकाकडे. डॉट कॉम चालवते व्हेरिसाइन, व्हर्जिनियातली कंपनी, आणि तिला अमेरिकी कायदा लागू. रोखादिरेक्ता नावाची एक स्पॅनिश साइट होती, फुटबॉल सामने कुठे दिसतील त्याच्या लिंका देणारी. स्पेनच्या कोर्टांनी तिला निर्दोष ठरवलं होतं. तरी 2011 मध्ये अमेरिकी सरकारनं तिची कॉम आणि ऑर्ग ही दोन्ही नावं जप्त केली आणि परत केली ती दीड वर्षानं. त्यासाठी आयकॅनला विचारावंही लागलं नाही.

डॉट इनचं काय? ते एकेकाळी आपल्या मुंबईतून, जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातून चालायचं. नियम इतके कडक की बरेच लोक कंटाळून कॉमच घ्यायचे. जानेवारी 2005 पासून ते निक्सी या संस्थेकडे गेलं आणि सगळ्यांसाठी दार उघडलं. निक्सी दिल्लीत, केंद्र सरकारच्या छत्राखाली. म्हणजे डॉट इन बंद करायचं झालं तर वॉशिंग्टनला कुणी विचारणार नाही. दिल्लीतला आदेश पुरेल. आणि साइटी बंद करायचे आदेश काढण्यात आपलं सरकार काही मागे नाही. अमेरिकेचा प्रश्न मोठ्या आवाजात विचारणारे इथे मात्र गप्प होतात. असो.

तेव्हा नाव घेताना कोणता देश चांगला ते बघत बसू नका; उद्या वाद झालाच तर कुठल्या कोर्टात उभं राहणं परवडेल ते बघा. सांगलीतल्या दवाखान्याला किंवा पतसंस्थेला मी डॉट इन देतो. वकील इथलाच मिळतो, तारखेला जाता येतं. परदेशी गिऱ्हाईक असेल तर कॉमही घ्या, पण तेवढ्यावर विसंबू नका. आणि तुमच्या साइटवर सरकारला झोंबेल असं काही लिहायचं असेल, तर आधी मला सांगा. मग वेगळं शेपूट शोधू.