उजेडाला हात कुठे असतात?

पंचवटीत आमच्या वाड्यात एक काकू राहतात. मी भौतिकशास्त्र शिकवते हे कळल्यापासून भेटल्या की विचारतात, "अगं, एकच अणू उजेडाने धरतात म्हणे. उजेडाला हात कुठे असतात?" विद्यार्थीही हेच विचारतात, जरा वेगळ्या शब्दांत. आता तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते.

उजेडाचा एक कण, म्हणजे फोटॉन, अणूच्या शेजारून सरळ निघून जातो. बहुतेक वेळा गाठच पडत नाही. म्हणून दोन आरसे समोरासमोर ठेवतात. मधलं अंतर केसाच्या जाडीच्या आसपास, कधी त्याहून कमी. आरसे इतके चोख की फोटॉन निसटण्याआधी लाखभर वेळा ये-जा करतो, आणि दर फेरीत अणू वाटेवरच असतो.

काकूंना मी नारोशंकराच्या घंटेचं उदाहरण दिलं. कुठूनही ठोका द्या, ती आपल्याच सुरात घुमते. आरशांमधल्या पोकळीचाही असा ठरलेला सूर असतो. तो अणूच्या सुराशी जुळवला (रुबिडियम या धातूच्या अणूला ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश लागतो) की अणूने सोडलेला फोटॉन परत येतो, अणू तो पुन्हा घेतो, पुन्हा सोडतो. मला सगळ्यात मोठं नवल याचंच वाटतं. उजेड कधी आणि किती लवकर सोडायचा हे अणू एकटा ठरवत नाही, भोवतीच्या भिंतीही ठरवतात. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड पर्सेल यांनी हे १९४६ मध्येच मांडलं होतं.

आता हात. सूर नीट लावला तर अणू आणि फोटॉन यांची मिळून जी ऊर्जा असते, ती उजेड सर्वांत तीव्र असतो तिथे सर्वांत कमी होते. लेझरने आधीच गारठवलेला अणू मग खळग्यातल्या गोटीसारखा तिथे थांबतो. २००० साली अमेरिकेतल्या कॅल्टेक विद्यापीठात जेफ किंबल आणि जर्मनीत गेरहार्ड रेम्पे यांच्या गटांनी सरासरी एखाद्या फोटॉनच्या बळावर अणू असा रोखला, सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता.

"मग तो उजेड आतच कोंडलेला राहतो?" काकूंनी परवा विचारलं.

नाही काकू. एक आरसा मुद्दाम किंचित कमी चोख ठेवतात, फोटॉन तिकडून बाहेर येतो. २०१२ मध्ये रेम्पे यांच्या गटाने तो ६० मीटर फायबरमधून (उजेड वाहून नेणाऱ्या काचेच्या तंतूतून) दुसऱ्या प्रयोगशाळेत नेला. तिथल्या पोकळीत दुसरा अणू होता. पहिल्या अणूची क्वांटम अवस्था, म्हणजे तो आतून नेमका कसा आहे ती स्थिती, त्या फोटॉनवर बसून गेली आणि दुसऱ्या अणूत उतरली.