वास येत नव्हता म्हणून

गेल्या जानेवारीत आमच्या नाशिकच्या घरी आईचे डोके सलग तीन दिवस आंघोळीनंतर दुखू लागले, मळमळही होत असे आणि आम्ही सर्वांनी, तिने स्वतःसुद्धा, त्याला पित्त हे नाव देऊन टाकले. चौथ्या दिवशी ती बाथरूमच्या दारातच खाली बसली. शुद्ध होती, पण पायांत बळ उरले नव्हते. खिडकीच्या काचपट्ट्यांमधून गार वारा येतो म्हणून मीच तिथे थर्माकोल ठोकून बसवला होता आणि त्या बंद जागेत गॅस गिझर रोज पंधरा-वीस मिनिटे जळत होता.

‘पण गॅसचा वास तर येत नव्हता,’ हे आईचे पहिले वाक्य. सिलिंडरमधल्या गॅसला मुळात वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचे उग्र वासाचे द्रव्य मिसळतात आणि गॅस पेटला की तेही जळून जाते. म्हणजे गळलेल्या गॅसची खबर नाक देते, जळलेल्या गॅसची देत नाही.

मग मी हिशेब मांडला. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पंधरा मिनिटांत साधारण दोनशे ग्रॅम गॅस जाळतो आणि एक किलो गॅस पूर्ण जळायला सुमारे बारा घनमीटर हवा लागते. आमचे बाथरूम जेमतेम साडेपाच घनमीटरचे आहे. म्हणजे एका आंघोळीत त्यातल्या जवळपास निम्म्या हवेचा प्राणवायू खर्ची पडावा, एवढी ज्योतीची भूक. प्रत्यक्षात तो आधीच अपुरा पडू लागतो, ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा बिनवासाचा विषारी वायू तयार होतो. तो रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, चक्कर ही त्याची लक्षणे पित्ताचीच वाटतात, आणि धोका उमगेपर्यंत हातपाय इतके गळालेले असतात की समोरची कडी काढणेही जमत नाही.

त्या दिवशी आम्ही करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर आईच्या बोटाला लावला. त्याने ९८ दाखवले आणि आमचा जीव भांड्यात पडला, जो खरे तर पडायला नको होता. हे यंत्र रक्ताच्या रंगावरून अंदाज बांधते आणि कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच लालभडक दिसते. सुदैवाने डॉक्टरांनी त्या आकड्यावर न विसंबता गिझर कुठे आहे हे विचारले आणि मास्कने ऑक्सिजन सुरू केला. रक्तातल्या या वायूचे प्रमाण निम्म्यावर यायला साध्या हवेत चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण दीड तास.

या निमित्ताने मला आमच्याकडची बाळंतिणीची खोली आठवली. दारे-खिडक्या बंद, फटींत कापड, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी आणि वर ओवा-वावडिंगाची धुरी. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून त्याबद्दल निदान कुणीतरी कुरकुरते. धूर निघून गेलेले लालबुंद निखारे मात्र आपण ‘आता चांगले झाले’ म्हणून आत आणतो, जरी कोळसा धुराविना धगधगत असतानाच कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडत असतो. बाळ-बाळंतिणीला शेक देण्यामागची माया मला कळते. खिडकी बंद करण्यामागचे कारण मात्र मला कुणी पटेल असे सांगितलेले नाही.

थंडीत हे केवळ जुन्या घरांत घडते असेही नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दमण येथे एका रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले, त्यांत चार मुले होती.

आमचा गिझर आता मागच्या उघड्या बाल्कनीत आहे आणि थर्माकोल मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. नळी लांबल्यामुळे पहिले पाऊण बादली पाणी गारच येते आणि आई ते वाया न घालवता तुळशीला घालते, अर्थात रोज माझ्या नावाने पुटपुटतच.