तुम्ही विचारलंत म्हणून: हिंदू कोड बिलाच्या विरोधात कोण होतं?

गणपतीत ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मराठी मंडळात आरती आटोपली की कोणीतरी गाठतंच. "काकू, तुम्ही राज्यशास्त्र शिकवलंत. हिंदू कोड बिलाच्या विरोधात कुठला पक्ष होता, ते एकदा सांगून टाका." विचारणाऱ्याचं उत्तर ठरलेलं असतं, त्याला फक्त माझी सही हवी असते.

तर ऐका. हिंदू कोड बिल म्हणजे हिंदूंचे विवाह, वारसा वगैरेंचे नियम बदलून एकत्र करणारं विधेयक. 1951 साली, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीआधीच्या हंगामी संसदेत बहुमत काँग्रेसचं, पंतप्रधान नेहरू, बिल रेटणारे कायदामंत्री डॉ. आंबेडकर. तरी गाडी चार कलमांपुढे गेली नाही. अडवणारे कितीतरी जण काँग्रेसच्याच बाकांवर होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनाही बिल पसंत नव्हतं. सप्टेंबरात बाबासाहेबांनी राजीनामा दिला. निवडणुकीनंतर त्याच बिलाचे तुकडे करून 1955-56 मध्ये विवाह, वारसा, पालकत्व, दत्तक असे चार कायदे झाले.

आता घरची गोष्ट, जी मंडळात फारशी कोणाला रुचत नाही. 1952 मध्ये हिंदू महासभेला देशभरात लोकसभेच्या 4 जागा मिळाल्या. त्यातल्या दोन, ग्वाल्हेर आणि गुना, एकट्या वि. घ. देशपांड्यांनी जिंकल्या. त्यांनी गुना ठेवलं. ग्वाल्हेरच्या पोटनिवडणुकीत ना. भा. खरे आले. दोघेही मराठी, दोघेही महासभेचे, आणि महासभेचा या कायद्यांना उघड विरोध. म्हणजे विरोधकांत आपलंही माप होतंच.

पण "मत कोणी दिलं" म्हणाल, तर पंचाईत आहे. साधा कायदा बहुतेक वेळा आवाजी मतदानानं होतो. कोणी मतविभागणी मागितली तरच नावं नोंदली जातात. लोकसभेच्या कामकाजाचे जुने खंड उघडून बघा: बाजूनं एक यादी, विरोधात दुसरी, नावं ओळीनं, आणि एकाही नावापुढे पक्ष नाही. तो शोधायला दुसरं पुस्तक घेऊन बसायचं. घटनादुरुस्तीला मतविभागणी लागतेच, पण 1985 च्या पक्षांतरबंदीनंतर व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडला तर खासदारकी जाऊ शकते. मग त्या यादीतून माणसाचं मन काय कळणार?

2010 मध्ये राज्यसभेत लोकसभा-विधानसभांतल्या महिला आरक्षणाचं घटनादुरुस्ती विधेयक 186 विरुद्ध 1 असं मंजूर झालं. तो एक म्हणजे शरद जोशी, शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्या म्हणून सांगत फिरलेला माणूस. नुसती यादी वाचणाऱ्याला तो स्त्रियांचा वैरीच वाटेल. उलट, खरा अडथळा यादीबाहेर होता. सरकारला बाहेरून टेकू देणारे समाजवादी पक्ष आणि राष्ट्रीय जनता दल आडवे आले, विधेयक लोकसभेत मताला आलंच नाही, आणि 2014 मध्ये लोकसभा विसर्जित झाली तेव्हा तेही बाद झालं. ते कोणी मारलं याची यादी कुठल्याच खंडात सापडायची नाही.