लवंगेच्या तेलाचा बोळा

खालची डावी दाढ किडलेली आहे हे आरसा घालण्याआधी वासावरूनच कळत होतं. पण नजर गेली ती गालाकडे. आतल्या बाजूला रुपयाएवढा पांढरा डाग, कडा लालभडक. ओल्या कापसाने हलकेच पुसलं तर सायीसारखं सालपट सुटून आलं आणि खाली रक्ताळलेली जागा दिसली.

"काका, काय लावलं होतं?"

उत्तर काकूंनी दिलं. आदल्या रात्री ठणका सहन होईना म्हणून लवंगेच्या तेलात बुडवलेला कापसाचा बोळा दाढेखाली धरून ते झोपले. सकाळी बोळा गालात सरकलेला. "पण डॉक्टर, गुण आला हो. दाढ शांत झालीय, नुसता गाल झोंबतोय."

तेलाला नावं ठेवायचं कारण नाही. त्यातलं युजेनॉल नस बधिर करतं. झिंक ऑक्साइडची पूड त्यात कालवून आम्हीही तात्पुरतं सिमेंट भरतो. पण निव्वळ लवंग तेलात युजेनॉल ७० ते ९० टक्के असतं आणि मऊ त्वचेवर तासन्‌तास राहिलं तर ती भाजतेच. झोंबतंय म्हणजे लागू पडतंय, हा समज घरोघरी आहे. हिरडीवर लसूण ठेचून बांधणं किंवा ॲस्पिरिनची गोळी दाबून धरणं, यानेही असंच सालपट निघतं. बिब्ब्याचं तर नावच नको.

दाढ शांत का झाली, ते तपासल्यावर कळलं. गार फवारा मारलेला कापूस शेजारच्या दाढेला लावताच काका दचकले. किडलेल्या दाढेला काहीच जाणवलं नाही. टिचकी मारल्यावर मात्र कळ आली. एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळसर सावली होती. नस मेली होती, म्हणून ठणका थांबला होता. श्रेय तेलाला मिळालं, आणि अशा वेळी माणूस पुढचे दोन महिने दवाखान्याकडे फिरकत नाही. तोवर खाली पू साचत राहतो. काका आले ते भाजलेल्या गालामुळे, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

रूट कॅनाल त्याच दिवशी सुरू केलं. पोकळी नीट धुवावी लागली, कारण युजेनॉलचा अंश राहिला तर पुढे दाताच्या रंगाचं सिमेंट धड कडक होत नाही. गालाला औषध फारसं लागत नाही. तिखट, गरम, तंबाखू बंद. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार चुळा. साधारण आठ-दहा दिवसांत नवी त्वचा येते.

तेल वापरायची रीत काकूंना करूनच दाखवली. चमचाभर खोबरेल तेलात दोन थेंब, जास्त नाही. आधी चूळ भरून दाढेत अडकलेलं अन्न काढायचं. काडीपेटीच्या काडीच्या गुलाएवढा कापूस त्या तेलात बुडवून, पिळून, चिमट्याने थेट खड्ड्यात ठेवायचा. हिरडीला लागू द्यायचा नाही. दहा मिनिटांनी काढायचा, लाळ गिळायची नाही. बोळा तोंडात ठेवून झोपायचं तर नाहीच. दाढेला खड्डाच नसेल तर तेल आतल्या नसेपर्यंत पोचत नाही. नुसती हिरडी पोळते. आणि हे सगळं दवाखाना उघडेपर्यंत.

गालावर सूज असेल तर शेकायचं नाही, फडक्यात बर्फ गुंडाळून बाहेरून धरायचा. सूज जबड्याखाली उतरली, ताप आला, तोंड दोन बोटंही उघडेना किंवा थुंकी गिळता येईना, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जायचं. संसर्ग गळ्याकडे सरकला की श्वास अडतो.

"मग बाटली टाकून देऊ?" काकूंनी विचारलं.

ठेवा म्हटलं, पण घरात नातू असेल तर कुलपात. दात येताना बाळाच्या हिरडीला हे तेल चोळायचं नाही. लहान मुलाने पाच-दहा मिली जरी प्यायलं तरी झटके येतात, यकृत निकामी होऊ शकतं. तसं झालं तर उलटी काढायच्या फंदात न पडता बाटलीसकट थेट रुग्णालय गाठायचं.