सुतोंड्याच्या उतारावरची चंदेरी पिशवी

आमच्या ट्रेकच्या गटातल्या ताईंचा पाय शेवाळावरून सटकला तेव्हा साडेचार वाजले होते. घोटा बघताबघता फुगला. पाय टेकवणं शक्यच नव्हतं. पाऊस भुरभुरत होता, वारं सुटलं होतं आणि पायथ्याचं नायगाव बरंच खाली होतं. तरी मी निर्धास्त होतो, कारण माझ्या सॅकमध्ये फॉइलची इमर्जन्सी बॅग होती. पहिल्यांदाच ती वापरायची वेळ आली होती, आणि आपण ती विसरलो नाही याचा मला अभिमानही वाटला. पुढच्या दोन तासांत काय झालं, ते अजून डोक्यातून जात नाही.

मी संभाजीनगरातून गट घेऊन अजिंठ्याच्या डोंगररांगेतल्या किल्ल्यांवर जातो: वेताळवाडी, जंजाळा, अंतूर, सुतोंडा. निघण्याआधी लोकांना सूचना देतो. उन्हाळ्यात उष्माघाताच्या, पावसाळ्यात विजेच्या आणि निसरड्या वाटांच्या. गारठ्याबद्दल मी कधी बोललो नव्हतो. मराठवाड्यात, तेही ऑगस्टात, थंडीनं कोण आजारी पडणार?

आम्ही १९ जण होतो. सोबतच्या पोराला मी बाकीच्यांना घेऊन खाली पाठवलं आणि गावातून माणसं आणायला सांगितलं. वर राहिलो तिघं: ताई, मी आणि आमच्या गटातली नर्सिंग शिकलेली मुलगी. घोट्याला क्रेप बँडेज बांधून, पाय सॅकवर उंच ठेवून आम्ही ताईंना पिशवीत सरकवलं. अंगावर सुती कुर्ता आणि जीन्स, दोन्ही घामानं आणि पावसानं चिंब. ती तशीच राहू दिली. हीच माझी पहिली चूक.

सुरुवातीची वीसेक मिनिटं छान गेली. ‘ऊब लागतीये, दादा,’ असं त्या म्हणाल्या. फॉइल उष्णता परत फेकतं, ते खोटं नाही. १९६४ मध्ये नासानं अवकाशासाठी हा कागदासारखा पातळ पडदा बनवला, त्याचंच हे रूप: प्लॅस्टिकच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, किंमत दोन-अडीचशे रुपये. वारा अडतो, पाऊस अडतो. पाकिटावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं होतं आणि मला तेवढं पुरलं होतं.

साडेपाचनंतर त्या कुडकुडायला लागल्या. मी विचारलं की म्हणायच्या, ‘मी बरी आहे.’ चार वेळा म्हणाल्या आणि तीन वेळा मी विश्वास ठेवला. मग नर्सिंग शिकलेल्या मुलीनं त्यांच्या हातात चिक्कीची पुडी दिली. ताई ती फोडायचा प्रयत्न करत राहिल्या. बोटं पुडीवरून घसरत होती, पुडी पोटावर पडत होती, त्या पुन्हा उचलत होत्या. ‘दादा, यांना पुडी फोडता येत नाहीये,’ ती हळूच म्हणाली. अंगाचं तापमान उतरायला लागलं की आधी बोटं आणि बोलणं अडखळतं, हे मी कोर्समध्ये शिकलो होतो. समोर घडत असताना मला ते दिसलं नाही, तिला दिसलं.

मी पिशवीत हात घातला. आतल्या बाजूनं पाण्याचे ओघळ चालले होते. कमरेखाली खळगा झाला होता, तिथं पाणी साचलं होतं. कुर्त्याची बाही पिळली तर धार लागली. पावसाचा थेंबही आत गेला नव्हता, पिशवी कुठं फाटली नव्हती. ते सगळं पाणी आतलंच होतं: ओल्या कपड्यांचं, घामाचं, श्वासाचं. माणूस नुसता पडून राहिला तरी त्वचेतून आणि श्वासातून दिवसाला अर्धा लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन जातं. त्या वाफेला बाहेरची वाट नसली की ती थंड फॉइलला लागून परत पाणी होते आणि अंगावर उतरते. त्यात फॉइल ओल्या कपड्याला चिकटलं की उष्णता परत फेकायचं त्याचं कामच थांबतं. खाली खडक होता, तो उरलेली ऊब ओढून घेत होता. दोघांच्या सॅका रिकाम्या करून ताईंच्या खाली घालायचं मला तेव्हा सुचलं. ते पहिल्या मिनिटाला करायला हवं होतं.

ओले कपडे काढायचे तर पिशवी मोज्यासारखी, एकाच तोंडाची. सुजलेला पाय त्यातून निघेना. मी कडेला कात्री लावली आणि चीर तळापर्यंत धावत गेली. मी पाठ फिरवून उभा राहिलो. तिनं कात्रीनं जीन्स कापली, माझी कोरडी फ्लीस आणि स्वतःची ट्रॅकपँट ताईंना चढवली, डोक्याला माझी माकडटोपी घातली. फाटलेलं फॉइल आम्ही कडा मोकळ्या ठेवून वरून पांघरलं. तोंडही झाकावं असं मला वाटत होतं. तिनं मला सरळ थांबवलं आणि ते बरोबरच होतं: हवा न जाणारी वस्तू तोंडावर घ्यायचीच नाही. थर्मासमधला गोड चहा घोटघोट पाजला. कापरं कमी झालं, आणि त्या नीट बोलत होत्या म्हणून ते चांगलं लक्षण होतं. बोलणं बरळल्यासारखं होऊन कापरं थांबलं असतं, तर ते सगळ्यात वाईट.

आठच्या सुमारास गावातून सहा जण बाज घेऊन आले. एका मामांनी काही न विचारता खांद्यावरची घोंगडी ताईंच्या अंगावर टाकली. ‘घाबरू नका ताई, आम्ही हावोत ना,’ म्हणाले. १०८ ची गाडी पायथ्याशी उभी होती, पण डोंगरातून पायथ्यापर्यंत माणूस आणायला अशा वेळी गावकऱ्यांशिवाय कुणी नसतं. शहरातल्या किती आयोजकांना पायथ्याच्या गावातल्या एका माणसाचा तरी नंबर माहीत असतो?

त्यानंतर महिनाभर मी पिशव्यांच्या मागे लागलो. घरी एक सोपी परीक्षा केली. स्टीलच्या पेल्यात कढत पाणी, तोंडावर कापडाचा तुकडा रबरानं ताणून बांधलेला आणि त्यावर थंड ताटली. फॉइलवरची ताटली कोरडी, पण फॉइलच्या पोटाला थेंबच थेंब. श्वास घेणाऱ्या कापडावरच्या ताटलीला दव धरलं, म्हणजे वाफ पार झाली. पन्नास जाहिराती वाचून जे कळलं नव्हतं, ते स्वयंपाकघरात पाच मिनिटांत कळलं.

विकणारे वाफ पार होण्याचे आकडे सांगतात, चौरस मीटरला दिवसात इतके ग्रॅम. ते प्रयोगशाळेतले. वाफेला बाहेर ढकलतो तो आतल्या आणि बाहेरच्या हवेतल्या वाफेतला फरक, आणि आपल्याकडे पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली. तरी अंग बाहेरच्या हवेपेक्षा गरम असतं, म्हणून थोडी वाफ जातेच, पण आकड्यावर भरवसा ठेवू नये. गोरटेक्सच्या, म्हणजे पाणी अडवून वाफ सोडणाऱ्या कापडाच्या, बिव्ही (अंगभर घ्यायच्या पिशव्या) उत्तम, पण अर्धा किलो आणि वर, शिवाय किंमत ऐकून मी गप्प बसलो. शेवटी एसओएल कंपनीची ‘एस्केप’ बिव्ही घेतली: साधारण २४० ग्रॅम, आतून उष्णता परतवणारी, कापड वाफ सोडणारं. एकसारख्या जोराच्या पावसात ती फॉइलइतकी पक्की नाही, म्हणून सोबत एक हलकी ताडपत्री आणि खाली घालायला फोमचा तुकडा ठेवतो. रंग नारिंगी, बाजूला चेन. कात्री लावायची वेळ पुन्हा येऊ नये, म्हणून चेन मी मुद्दाम बघून घेतली.

घोंगडीचाही विचार केला. लोकर ओली झाली तरी ऊब धरते आणि वाफही सोडते, पण एवढ्या वजनाची पाण्यात भिजलेली घोंगडी मी दिवसभर वाहू शकत नाही.

ताईंचा घोटा मोडला नव्हता. लिगामेंट ताणलं होतं, तीन आठवडे प्लास्टर. मधे भेटल्या तेव्हा पुन्हा म्हणाल्या, ‘दादा, तुमच्या पिशवीनं वाचवलं.’ मी त्यांना बाहीतून निघालेल्या पाण्याचं सांगितलं. त्यांना ते आठवतही नव्हतं. ती पिशवी नसती तर वाऱ्यात त्या जास्त गारठल्या असत्या का? बहुधा हो. कपडे आधी बदलले असते, खाली सॅका आधी घातल्या असत्या, तर तीच पिशवी पुरली असती का? हे मी रोज वेगळ्या बाजूनं मोजतो.

येत्या रविवारी वेताळवाडी आहे, २२ नावं आली आहेत. सूचनांच्या यादीत पहिली ओळ आता ‘सुती कपडे नकोत’ अशी आहे. तिघांनी फोन करून विचारलं, जीन्स चालेल का. मी तिघांनाही नाही म्हणालो. नारिंगी पिशवी एकच आहे, दुसरीचे पैसे दिवाळीपर्यंत साठतील.