अजून फवारा येतो ना!

घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, गच्च भरलेल्या ओपीडीत, दिव्याहून सासू-सून बाळाला घेऊन आल्या. बाळ सात महिन्यांचं. गरोदरपणाच्या २७व्या आठवड्यात झालेलं, जन्माचं वजन ८६० ग्रॅम. त्याच मोजणीने ३६ आठवडे भरले तरी ऑक्सिजन सुटला नव्हता, म्हणून फाइलीवर ‘बीपीडी’चा, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना होणाऱ्या फुफ्फुसाच्या दीर्घ आजाराचा शिक्का. पहिले तीन महिने ते आमच्याच एनआयसीयूत, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होतं, त्यामुळे आजी माझ्यावर हक्काने चिडतात.

“सिस्टर, एवढं महागाचं औषध देतोय आणि पोर मांजरासारखं घुरघुरतंय!”

घुरघुर होतीच. श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत होता. बुडेसोनाइडचा, म्हणजे पंपातून द्यायच्या त्या औषधाचा डोस वाढवावा का, असं डॉक्टरांच्या मनात घोळत होतं. पण स्टेरॉइड ते. एवढ्याशा जिवाला वाढवताना हात आखडतो, आणि बीपीडीत त्याचा गुण प्रत्येक बाळाला येतोच असंही नाही. मी म्हटलं, आधी देते कशी ते बघू.

मला वाटलं, मास्क सैल धरत असेल, नाहीतर बाळ रडत असताना देत असेल. रडत्या बाळाच्या फुफ्फुसात औषध फारसं पोचतच नाही, तोंडा-घशातच राहतं. पण सुनेने पंप हलवून स्पेसरला, म्हणजे मास्क जोडलेल्या नळकांड्याला लावला, मास्क नाकातोंडावर नीट बसवला, एक पफ, सहा-सात श्वास, मग पुन्हा हलवून दुसरा. ओल्या फडक्याने तोंड पुसलं. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन, न पुसता, तसाच वाळवते म्हणाली. सगळं मी शिकवलेलं. एक चूक नाही.

“पंप कधी आणलास गं?”

“आषाढीला. तोच चालू आहे. अजून फवारा येतो ना!”

काळजात धस्स झालं. पंपात २०० पफ. सकाळी दोन, रात्री दोन. पन्नास दिवसांत खलास. त्या पंपाला आकडा दाखवणारी खिडकी नव्हती. औषध संपलं तरी आतला वायू फुस्स करून बाहेर येतच राहतो, हलवलं तर डबीत काहीतरी हलल्यासारखंही वाटतं. पाण्यात टाकून बघायची जुनी युक्तीही भरवशाची नाही.

“घुरघुर कधीपासून वाढली?”

“गणपतीपासून,” आजी म्हणाल्या. “मला वाटलं, धूप-कापराने.”

मी बोटांवर मोजलं. गणपती बसायच्या आदल्या एक-दोन दिवसांतच पंप रिकामा झाला होता. पुढचा जवळजवळ महिना ती पोरगी बाळाला नियमाने नुसता वायू देत होती. मास्क, श्वास, फडकं, सगळं शिकवलं मी. पंप संपतो, एवढंच सांगायचं राहिलं. तसं कबूलही केलं. आजींनी फक्त “हं” केलं.

डोस तोच ठेवला. नव्या पंपावर मार्करने तारीख लिहून दिली आणि पन्नास दिवस मोजून सांगायला लागले, तर आजींनी मधेच थांबवलं.

“तारखा नका सांगू. आषाढीला आणला होता ना? आता कार्तिकीला नवा आणू.”

कार्तिकी म्हणजे चाळीस दिवस. दहा दिवस हाताशी राहतात. मी फाइलीत तेच लिहिलं.