हायकोर्टाचं पुठ्ठ्याचं मॉडेल, नोंद सहावी : पश्चिमेची बाजू पुन्हा पहिल्यापासून

मागच्या नोंदीत मोठ्या दिमाखात लिहिलं होतं की मुंबई हायकोर्टाची ओव्हल मैदानाकडची बाजू कापून झाली, आता फक्त रंग. ती बाजू गेल्या रविवारी रद्दीत गेली. दोन महिन्यांचं काम, पण ठेवण्यात अर्थ नव्हता.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मापं पुन्हा देतो. मूळ इमारत ५६२ फूट लांब आणि १८७ फूट रुंद. १:२०० या प्रमाणात ती ८५.६ बाय २८.५ सेंटिमीटर होते. जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग कोर्टाने घेतलाय आणि घरचे उरलेल्या निम्म्यावर जेवतात. किल्ला करायचं वय गेलं तरी पसारा तेवढाच, असं आई म्हणते.

चूक कुठे झाली ते सांगतो, कारण तुमच्यापैकी काहीजण गॉथिक इमारतींच्या वाटेला लागलेत. मी टोकदार कमानी एका माउंट बोर्डवर कापल्या आणि मागून काळा कागद चिकटवला. कापणी सुबक होती, पण एकूण प्रकार लग्नपत्रिकेसारखा दिसत होता. काय खटकतंय ते कळेना, म्हणून दुपारी चारच्या सुमारास ओव्हलवर जाऊन उभा राहिलो. ऊन थेट इमारतीच्या तोंडावर होतं, आणि कमानींच्या आत मात्र गडद सावली. त्या खिडक्या नाहीतच. मागे ओसरी आहे आणि खरी भिंत तिच्याही मागे. गॉथिक शैली वाढली ती ढगाळ, थंड देशांत, जिथे उजेड आत ओढायचा असतो. मुंबईत उलटं काम. पश्चिमेचं ऊन आणि आषाढातला पाऊस, दोन्ही बाहेर अडवून वारा तेवढा आत घ्यायचा. आराखडा कर्नल जेम्स फुलर या लष्करी अभियंत्याचा. त्याच्या कमानी विलायती असतील, पण त्यांच्यामागे त्याने ठेवलेली सावली इथली आहे. माझ्या मॉडेलमध्ये नेमकी तीच नव्हती.

आता तीन थर केलेत. पुढे कमानींचा बोर्ड, मग ८ मिलिमीटर पोकळी, मग दारं-खिडक्यांची भिंत. पोकळीचं माप डोळ्याने ठरवलंय. टेबललॅम्प डावीकडून लावला आणि पहिल्यांदाच पुठ्ठ्याचा दगड झाला. रंगाने होत नव्हतं ते पोकळीने झालं. दगडाच्या काळ्या पोस्टर कलरमध्ये निळ्याचा जरासा हात दिलाय, कारण आपला काळा दगड नुसता काळा कधीच नसतो.

मधल्या भागाच्या दोन्ही बाजूंचे अष्टकोनी मनोरे १२० फुटांचे, म्हणजे १८.३ सेंटिमीटर. आठ पट्ट्या वेगळ्या कापू नका. एकाच कागदावर आखा, उलट बाजूने अर्धवट चिरा द्या आणि दुमडा, कोपरे आपोआप जुळतात. वरचे सुळके पोरबंदरी दगडाचे, फिकट. त्यांना रंग न देता आयव्हरी कागद तसाच ठेवला. माथ्यावर न्याय आणि दया यांचे पुतळे. टूथपिकवर फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू गुंडाळून दोघींना उभं केलंय. या प्रमाणात कोण कुठली ते ओळखता येत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही आता आठवत नाही.

कोरीवकामातला एका डोळ्याचा, तराजू धरलेला माकड-न्यायाधीश आणि वकिली पट्टी बांधलेला कोल्हा करा, अशी फर्माईश दोघांनी केली होती. चिडलेल्या कंत्राटदाराने सूड म्हणून ते कोरले, ही दंतकथा मलाही आवडते. पण अर्ध्या मिलिमीटरचं माकड माझ्याच्याने होणार नाही.

काम एप्रिल १८७१ मध्ये सुरू झालं, नोव्हेंबर १८७८ मध्ये संपलं आणि १० जानेवारी १८७९ ला इथे पहिल्यांदा कोर्ट बसलं. खर्च १६,४४,५२८ रुपये, मंजूर अंदाजापेक्षा २,६६८ रुपयांनी कमी! सरकारी बांधकामात पैसे उरले होते, हे पुन्हा वाचून घ्या. माझा अंदाज तिसऱ्या नोंदीतच कोलमडला होता.

मधलं मोठं दालन मात्र उघडं ठेवणार आहे, छप्पर उचलता येईल असं. साठ फूट बाय पन्नास फूट, उंची साडेत्रेचाळीस. आपल्या मापात ते जेमतेम पेढ्यांच्या लहान खोक्याएवढं. १९०८ च्या जुलैमध्ये टिळक इथे उभे होते. ज्युरीतल्या सात युरोपियनांनी दोषी म्हटलं, दोन पारशांनी निर्दोष. रात्र झालेली असताना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. त्यांचे त्या वेळचे शब्द कोरलेली पाटी आज तिथेच आहे. तीन बाजूंची सागवानी प्रेक्षक-गॅलरी आइस्क्रीमच्या काड्यांनी फारच जाड दिसत होती. शेवटी सुताराकडून व्हिनियरचे, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याचे, तुकडे आणले, फुकट मिळाले.

युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २०१८ मध्ये ही इमारत एकटी गेलेली नाही. ओव्हलच्या पूर्वेचं गॉथिक आणि पश्चिमेचं आर्ट डेको (विसाव्या शतकातली, सरळ रेषा आणि गोलसर कोपऱ्यांची शैली) असा मिळून ९४ इमारतींचा समूह आहे तो. म्हणून पायाच्या फळीवर मैदानाची हिरवी पट्टी हवीच, नाहीतर हायकोर्ट हवेत लोंबकळतं. राजाबाई टॉवर कोणी करत असेल तर १:२०० च धरा, २८० फुटांचे ४२.७ सेंटिमीटर होतात. शेजारी ठेवून बघू.

आता पूर्वेची बाजू. सगळे, मीसुद्धा, पश्चिमेचेच फोटो काढतो, आणि मुख्य जिना आहे मागे पूर्वेला. मी तिथे चक्क सपाट भिंत आखून ठेवली होती. त्या जिन्याचे बाहेरून काढलेले फोटो कोणाकडे असतील तर पाठवा. तोवर ती भिंत कापत नाही.